मैदानावरची आपली जागा : ड्रम कोअरमधील जीवन आणि श्रम

निवासी शाळेत वाढलेल्या माणसाच्या कानांतून पहाटेची घंटा सहसा जात नाही. रांगेत उभे राहून घेतलेले जेवण, एकाच दालनात ओळीने पसरलेल्या वळकट्या, मैदानावरची कवायत आणि ‘पुन्हा एकदा’ असे म्हणणारा शिक्षकांचा आवाज या गोष्टी त्या वयात जाचक वाटतात; पुढे मात्र आठवणींत त्यांनाच मानाची जागा मिळते. अशाच प्रकारचे, किंबहुना याहूनही कठोर, सामूहिक जीवन अमेरिकेतील काही हजार तरुण दर उन्हाळ्यात स्वेच्छेने पत्करतात. त्यासाठी त्यांना मानधन मिळत नाही. उलट पदरचे पैसे भरावे लागतात. तीन महिन्यांच्या या श्रमांतून उभे राहते ते जेमतेम दहा-बारा मिनिटांचे एक सादरीकरण. या परंपरेला ‘ड्रम कोअर’ असे म्हणतात. आपल्याकडे तिचा परिचय फारसा नाही. सामूहिक शिस्तीचा आणि वैयक्तिक जबाबदारीचा जो मेळ तिच्यात आढळतो, तो मात्र निवासी शिक्षणाशी नाते असलेल्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे.

ड्रम कोअर म्हणजे काय?

‘कोअर’ हा शब्द आपल्याला ‘नॅशनल कॅडेट कोअर’ या नावामुळे ओळखीचा आहे. त्याचा अर्थ पथक किंवा दल. ड्रम कोअरमध्ये तीन प्रमुख विभाग असतात. पहिला पितळी वाद्यांचा : ट्रम्पेटपासून खांद्यावर घेऊन वाजवायच्या अवजड ट्युबापर्यंत. दुसरा तालवाद्यांचा. त्यात गळ्यात अडकवून चालत वाजवायची स्नेअर, टेनर आणि बेस ड्रम ही वाद्ये येतात. मारिम्बा, व्हायब्राफोन, टिंपनी यांसारखी एका जागी ठेवून वाजवायची वाद्ये मैदानाच्या पुढच्या कडेला मांडलेली असतात. तिसरा विभाग ‘कलर गार्ड’. ध्वज, लाकडी रायफल आणि तलवार यांच्या साहाय्याने नृत्य व कसरती करणारे हे कलाकार संगीताला दृश्यरूप देतात. सनई-बासरीसारख्या घराण्यातील, म्हणजे क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन इत्यादी वाद्यांना या परंपरेत स्थान नाही. शाळा-महाविद्यालयांच्या मार्चिंग बॅण्डपासून ड्रम कोअर वेगळे ओळखता येते ते प्रामुख्याने यामुळे.

गणेशोत्सवातील ढोल-ताशा पथक पाहिलेल्या मराठी वाचकाला तालाचा सामूहिक आवेश नवा नाही. फरक रचनेत आहे. मिरवणुकीतील पथक रस्त्याने पुढे सरकत जाते. ड्रम कोअर मात्र फुटबॉलच्या विशाल मैदानावर उभे राहते आणि वाजवता वाजवता दर काही सेकंदांनी आपला आकार बदलते. सरळ ओळीचे वर्तुळ होते, वर्तुळाचे दोन तुकडे होतात, ते एकमेकांतून आरपार जातात आणि क्षणार्धात नवी आकृती उभी राहते. एके काळी एका पथकाला जास्तीत जास्त १२८ सदस्य घेता येत असत. आज ही मर्यादा दीडशेच्या पुढे गेली आहे. इतक्या जणांनी एका श्वासात वाजवायचे, एका पावलाने चालायचे आणि कोणीही कोणाला धडकायचे नाही, हे या कलेचे मूळ आव्हान आहे.

उगम आणि वाटचाल

या परंपरेचा उगम सैनिकी जीवनात आहे. युद्धभूमीवर हुकूम पोहोचवण्यासाठी ढोल आणि बिगूल वापरले जात. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, परतलेल्या सैनिकांची ‘अमेरिकन लीजन’ ही संघटना स्थापन झाली. तिच्या शाखांनी आपापली वादनपथके उभी केली आणि त्यांच्यात स्पर्धा होऊ लागल्या. हळूहळू या संघटनांनी, तसेच चर्च, स्काउट आणि स्थानिक मंडळांनी मुलांची पथकेही सुरू केली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत अशी शेकडो पथके लहानमोठ्या गावांत आणि औद्योगिक शहरांच्या कामगार वस्त्यांत उभी राहिली. वस्तीतील मूल यायचे, त्याच्या हाती बिगूल किंवा टिपऱ्या दिल्या जायच्या आणि वाजवायला तेथेच शिकवले जायचे. संगीताच्या खासगी शिकवणीचा खर्च ज्या घरांना परवडणारा नव्हता, त्या घरांतील मुलांसाठी हे दार मोठे होते.

पुढे स्पर्धांचे नियम, परीक्षण आणि बक्षिसाची रक्कम यांवर पथकांचे स्वतःचे नियंत्रण असावे, असा विचार बळावला. त्यातून १९७१ मध्ये ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही संस्था आकाराला आली. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे झाली आणि कॅलिफोर्नियाच्या ‘अनाहाइम किंग्जमेन’ या पथकाने ती जिंकली. २००९ पासून ही स्पर्धा इंडियानापोलिस शहरातील ‘लुकास ऑइल स्टेडियम’मध्ये ऑगस्ट महिन्यात भरते. वयाची अट कडक आहे : सर्वसाधारण नियमानुसार त्या वर्षीच्या १ जूनपूर्वी ज्याची २२ वर्षे पूर्ण झाली, त्याला प्रवेश नाही. म्हणजे हे जग संपूर्णतः तरुणांचे आहे आणि प्रत्येकाला केव्हा ना केव्हा ते सोडावेच लागते.

दिवस कसा जातो?

निवडीची शिबिरे आदल्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरपासून सुरू होतात. हिवाळाभर महिन्याकाठी एखादा शनिवार-रविवार सराव चालतो. खरी कसोटी लागते ती मे महिन्याच्या उत्तरार्धापासून. महाविद्यालयांच्या परीक्षा आटोपल्या की सदस्य एखाद्या ठिकाणी एकत्र येतात आणि तीन-चार आठवडे अखंड निवासी सराव सुरू होतो.

सकाळी न्याहारीनंतर व्यायाम आणि धावणे. त्यानंतर दुपारपर्यंत कडक उन्हात चालण्याचा सराव. होय, केवळ चालण्याचा. वाद्य वाजवताना ओठ किंवा हात हलला तर सूर बिघडतो. म्हणून कमरेखालचे शरीर वेगाने चालत असताना कमरेवरचे शरीर स्थिर ठेवावे लागते. टाच प्रथम टेकवून पाऊल हळूच पुढे लोळवावे तसे चालणे, मागे जाताना चवड्यांवर तोल सावरणे, ढोलवादकांनी खेकड्यासारखे आडवे चालणे हे सारे शेकडो वेळा घोटून घेतले जाते. दुपारी प्रत्येक विभागाचा स्वतंत्र सराव. संध्याकाळी जेवणानंतर दिवे लावून संपूर्ण पथकाचा एकत्रित सराव. रात्री नऊ-दहाच्या सुमारास शेवटचा हुकूम सुटतो. दिवसाचे दहा-बारा तास असे जातात. या श्रमांना पुरे पडावे म्हणून दिवसातून चार वेळा जेवण दिले जाते. ते तयार होते एका मोठ्या मालमोटारीत उभारलेल्या फिरत्या स्वयंपाकघरात.

जूनच्या अखेरीस स्पर्धांचा दौरा सुरू झाला की दिनक्रम आणखी खडतर होतो. संध्याकाळी सादरीकरण, रात्री सामान भरणे, मग बसमध्ये बसल्या बसल्या झोप. पहाटे पुढच्या गावी एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेत पोहोचायचे, लाकडी फरशीवर अंथरूण टाकून दोन-चार तास पाठ टेकायची आणि उठून पुन्हा मैदान गाठायचे. उन्हाळाभरात हजारो मैलांचा प्रवास होतो, वीस-तीस प्रयोग होतात. कपडे धुण्याचा दिवस आणि एखादी मोकळी दुपार यांची वाट सणासारखी पाहिली जाते.

पावलांचे गणित

या कलेचा पाया मोजमापावर आहे. फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांवर पांढरी रेषा आखलेली असते. पाच यार्डांत नेमकी आठ पावले टाकायची, हे प्रमाण माप. म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचे, सुमारे ५७ सेंटिमीटरचे. उंच असो वा ठेंगणा, प्रत्येकाने पाऊल तेवढेच टाकायचे.

प्रत्येक सदस्याजवळ एक छोटी वही असते. कोणत्या मात्रेला आपण मैदानावर नेमके कोठे उभे असले पाहिजे, याची नोंद तिच्यात असते : पंचेचाळीस यार्डांच्या रेषेपासून दोन पावले आत, पुढच्या खुणेपासून सहा पावले मागे. एका सादरीकरणात अशी शंभराच्या घरात, कधी त्याहूनही अधिक ठिकाणे असतात. ती सर्व पाठ करायची, त्यांच्यामधील वाटा पाठ करायच्या आणि त्यावर संगीत चढवायचे. संगीताची गती कधी मिनिटाला १८० मात्रांच्या घरात जाते. म्हणजे सेकंदाला तीन पावले, हातात किंवा गळ्यात वजनदार वाद्य, आणि श्वास मात्र सुरासाठी राखून ठेवलेला.

आणखी एक अडचण अशी की, येथे कानांवर सहजासहजी विश्वास ठेवता येत नाही. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मैदानाची खोली सुमारे ४९ मीटर. म्हणजे मागच्या कडेला वाजलेला ठोका पुढच्या कडेला पोहोचायला सुमारे एक सप्तमांश सेकंद लागतो. १८० मात्रांच्या गतीत हा अवधी जवळजवळ अर्ध्या मात्रेएवढा झाला. पुढच्या वादकाने वाजवून मागच्याने ते ऐकून साथ केली, तर प्रेक्षकांपर्यंत दोघांचे नाद वेगवेगळे पोहोचतील आणि सारा गोंधळ होईल. म्हणून सर्वसाधारण संकेत असा, की पुढच्यांनी मागून येणारा ताल ऐकून वाजवायचे आणि मागच्या ढोलवादकांनी संचालकाच्या, म्हणजे ‘ड्रम मेजर’च्या, हातांकडे पाहून ताल धरायचा. म्हणजे संपूर्ण ताल मागून पुढे वाहत येतो आणि प्रेक्षकांच्या कानी एकजीव होऊन पडतो. ज्याला प्रेक्षकांच्या सर्वांत जवळ उभे राहायचे आहे, त्याला सर्वांत लक्षपूर्वक मागे ऐकावे लागते.

बेस ड्रमच्या वादकांचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. सहसा पाच वादक, पाच वेगळ्या आकारांचे ढोल आणि पाच वेगळे स्वर. एकच जलद बोल या पाच जणांत वाटून दिलेला असतो. प्रत्येकाच्या वाट्याला त्यातला एखाद-दुसराच ठोका येतो. एकट्याने वाजवून पाहिले तर त्या ठोक्यांना काहीच अर्थ नसतो. पाचही जणांनी सेकंदाच्या बारीकशा अंशाचीही चूक न करता आपापला ठोका दिला, तरच तो बोल पूर्ण होतो.

राखीव खेळाडू नसतो

क्रिकेटच्या संघाला बारावा खेळाडू असतो. ड्रम कोअरमध्ये सहसा तसा कोणी नसतो. प्रत्येक सदस्याची मैदानावर जागा ठरलेली असते आणि ती त्याच्यावाचून भरत नाही. एखाद्याचा पाय मुरगळला, एखादी आजारी पडली, तर आकृतीत तेवढी मोकळी जागा दिसते. वर्तुळात एक दात पडल्यासारखी ती खिंड प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेतूनही ओळखू येते. कोणी हंगामाच्या मध्यावर पथक सोडले, तर बाहेरून नव्याला बोलावून काही दिवसांत त्याला सर्व ठिकाणे आणि संगीत शिकवावे लागते, नाहीतर शेजाऱ्यांच्या वाटा बदलून रचना नव्याने बसवावी लागते.

या परंपरेतील श्रमांचे मर्म येथे आहे, असे मला वाटते. एवढे कष्ट तरुण का सोसतात, या प्रश्नाला पदक हे उत्तर पुरत नाही; कारण पहिला क्रमांक एकाच पथकाला मिळतो. वैयक्तिक कीर्ती हेही उत्तर नव्हे. कारण एकसारख्या गणवेशातील दीडशे जणांत कोणाचा चेहरा प्रेक्षकांना ओळखू येत नाही. माणूस उन्हात पुन्हा त्या रेषेवर उभा राहतो, तो आपण चुकलो तर शेजारचा चुकेल म्हणून. आपली जागा सोडली तर शंभर जणांच्या महिन्याभराच्या मेहनतीत खिंड पडेल, ही जाणीव त्याला उठवते. शिस्त बाहेरून लादलेली असते तोवर ती ओझे असते. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते हे कळले, की ती जबाबदारी होते. या दोन्हींतील फरक सदस्यांना कोणी व्याख्यानातून शिकवत नाही; तो त्यांना मैदानावर कळतो.

मात्र श्रमांचे कौतुक करताना त्यांची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. उष्म्याचा त्रास, सांध्यांची आणि स्नायूंची दुखणी, हाडांना ताणाने पडणारी सूक्ष्म भेग, सततच्या नादाने कानांवर येणारा ताण हे धोके खरे आहेत. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, २०१८ मध्ये या क्षेत्रातील लैंगिक गैरवर्तनाचे प्रकार उघडकीस आले आणि तरुणांच्या सुरक्षिततेकडे झालेले दुर्लक्ष चव्हाट्यावर आले. त्यानंतर नियम कडक करण्यात आले. निष्ठेच्या नावाखाली सोसण्याची सवय लागलेली मुले अन्यायही मुकाट्याने सोसतात, हा धडा त्यातून घ्यावा लागतो. ज्या संस्थेत मुले घरापासून दूर राहतात, त्या प्रत्येक संस्थेला तो लागू आहे. शिस्त आणि भीती यांच्यामधील रेषा आखण्याचे काम मोठ्यांचे असते, मुलांचे नव्हे.

गुणांचे अंश आणि वर्षांची प्रतीक्षा

स्पर्धेत एकूण १०० गुण असतात : एकंदर परिणामासाठी ४०, दृश्य बाजूसाठी ३० आणि संगीतासाठी ३०. पूर्वी दर चुकीमागे एक दशांश गुण वजा करण्याची पद्धत होती. १९८०च्या दशकात ती मागे पडली आणि काय चुकले यापेक्षा काय साधले याला महत्त्व आले. त्यामुळे रचनाकारांना अवघड आणि नव्या कल्पना आजमावण्याचे धैर्य आले. तरीही चढाओढ किती अटीतटीची असते, हे २००८च्या निकालावरून दिसते. त्या वर्षी ‘फँटम रेजिमेंट’ने ९८.१२५ गुण मिळवून ‘ब्लू डेव्हिल्स’ला मागे टाकले, ब्लू डेव्हिल्सचे गुण होते ९८.१००. अंतर केवळ ०.०२५ गुणांचे. ब्लू डेव्हिल्सने पुढे २०१४ मध्ये ९९.६५० गुण मिळवून उच्चांक केला.

बोस्टन शहरातील ‘बोस्टन क्रुसेडर्स’चा इतिहास याहून वेगळे काही सांगतो. १९४० मध्ये एका चर्चच्या आश्रयाने सुरू झालेले हे पथक ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’च्या संस्थापक पथकांपैकी एक. परंतु अंतिम फेरीतील पहिल्या बारा पथकांत स्थान मिळण्यासाठी त्याला १९९९ पर्यंत थांबावे लागले आणि अजिंक्यपद मिळाले ते थेट २०२५ मध्ये. स्थापनेनंतर ८५ वर्षांनी! दरम्यानच्या काळात ज्यांनी रात्रंदिवस सराव केला, वयोमर्यादा येताच गणवेश उतरवला आणि कोणतेही पदक न घेता जे घरी परतले, त्यांच्या अनेक पिढ्या होऊन गेल्या. २०२५च्या तरुणांनी जी पायरी ओलांडली, तिच्या खालच्या पायऱ्या त्या पिढ्यांनी बांधल्या होत्या.

दार अरुंद होताना

या वैभवामागे एक चिंतेची गोष्ट आहे. एकेकाळी शेकडोंच्या संख्येने असलेली पथके आज काही डझनांवर आली आहेत. पूर्वीचे पथक वस्तीचे होते. आज नामांकित पथकांत देशभरातून, क्वचित परदेशांतूनही, आधीच संगीतात तयार झालेले विद्यार्थी निवडले जातात. दौऱ्याचा, वाहनांचा, वाद्यांचा आणि प्रशिक्षकांचा खर्च वाढत गेला आणि एका हंगामासाठी सदस्याला हजारो डॉलरचे शुल्क भरावे लागू लागले. शिवाय उन्हाळ्याच्या सुट्टीत काम करून मिळणारी कमाई बुडते, ती वेगळीच. ज्या कामगार वस्तीतील मुलाच्या हाती एकेकाळी कोणीतरी विनामूल्य बिगूल दिला होता, त्याच्या नातवाला आज त्याच मैदानावर पाऊल टाकणे परवडेलच असे नाही. शिष्यवृत्त्या आहेत, देणग्या आहेत. त्या गरजेच्या मानाने अपुऱ्या आहेत. कलेचा दर्जा उंचावताना तिचे दार अरुंद झाले, तर त्या उंचीचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. शिक्षणाचे दार ज्यांच्यासाठी उशिरा उघडले, त्या समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही ही परंपरा टिकून आहे. तिच्या मुळाशी माजी सदस्यांचे आणि पालकांचे श्रम आहेत. फिरत्या स्वयंपाकघरात पहाटे उठून न्याहारी करणारे, फाटलेले गणवेश शिवणारे, सामानाच्या गाड्या हाकणारे बहुतांश लोक स्वयंसेवक असतात. कोणाचा मुलगा पथकात असतो, कोणी स्वतः तीस वर्षांपूर्वी त्याच पथकात ढोल वाजवलेला असतो. आपली वार्षिक रजा शिल्लक ठेवून ते उन्हाळ्यात दोन आठवड्यांसाठी येतात, दीडशे मुलांसाठी कांदे चिरतात आणि परत कामावर रुजू होतात.

१९७२ची पहिली स्पर्धा जिंकणारे ‘अनाहाइम किंग्जमेन’ पथक पुढे बंद पडले. परंतु २००७ मध्ये, पहिल्या विजयानंतर ३५ वर्षांनी, अजिंक्यपद स्पर्धा कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे भरली, तेव्हा त्या पथकाचे माजी सदस्य पुन्हा एकत्र आले आणि त्यांनी त्या मैदानावर वादन केले. अनेकांनी पन्नाशी गाठली होती. त्यांना गुण द्यायला परीक्षक नव्हते आणि जिंकण्यासारखे काही उरले नव्हते. तरीही प्रत्येकाने आपले वाद्य उचलले आणि आपल्या जागेवर जाऊन तो उभा राहिला.